पोडियमवरच्या बागेतील लॅव्हेंडर : घोडबंदर रोडवरील एका सोसायटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडलगत असलेल्या एका मध्यम आकाराच्या गृहनिर्माण सोसायटीच्या बागेतील हे प्रकरण आहे. सोसायटीची आणि व्यक्तींची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वनस्पती, माती आणि पाणी यांविषयीचे तपशील मात्र बदललेले नाहीत.

ही बाग जमिनीवर नसून वाहनतळाच्या स्लॅबवर, म्हणजे पोडियमवर आहे. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर निचऱ्याची चटई व गाळणीचे कापड आणि त्यावर जेमतेम दीड फूट लाल माती, अशी तिची रचना आहे. मधोमध हिरवळ आहे आणि तिच्या कडेने येऊरच्या डोंगराकडे तोंड करून जाणारी चालण्याची वाट आहे. या वाटेच्या आणि हिरवळीच्या मधला लांबट वाफा बरीच वर्षे क्रोटनने भरलेला होता. ती झाडे खालून उघडी पडली, तेव्हा वाफा नव्याने लावण्याचा विषय कार्यकारी समितीपुढे आला.

काही सभासद नुकतेच काश्मीरला जाऊन आले होते. जम्मू भागातील भदरवाहच्या लॅव्हेंडर शेतीविषयी बातम्याही त्यांच्या वाचनात आल्या होत्या. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून तिथल्या शेतकऱ्यांना रोपे मिळाली आणि मक्याच्या जागी लॅव्हेंडर आले, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. त्यामुळे वाटेच्या कडेने जांभळ्या मंजिऱ्यांची ओळ असावी ही कल्पना सभेत फारशी चर्चा न होता मान्य झाली. भदरवाह समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, याचा उल्लेख त्या सभेच्या इतिवृत्तात नाही.

फेब्रुवारीत एका रोपवाटिकेकडून सुमारे दोनशे रोपे आणून लावण्यात आली. चिठ्ठीवर फक्त ‘लॅव्हेंडर’ असे लिहिलेले होते. पुढे पाने पाहिल्यावर बहुतेक रोपे दातेरी पानांच्या ‘लॅव्हेंडुला डेंटाटा’ या जातीची आणि थोडी नेच्यासारख्या चिरलेल्या पानांच्या ‘लॅव्हेंडुला मल्टिफिडा’ची असल्याचे लक्षात आले. अत्तरासाठी आणि साबणासाठी प्रसिद्ध असलेली ‘लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया’ त्यांत एकही नव्हती. रोपवाटिकेने फसवले असे म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या उकाड्यात याच दोन जाती त्यातल्या त्यात तग धरतात. अँगुस्टिफोलियाच्या बहुतेक वाणांना भरघोस फुलण्यासाठी हिवाळ्यातील कडक थंडी लागते, ती ठाण्यात मिळणे नाही. पण कोणती जात आहे हे विचारले गेले असते, तर मार्चमध्येच सुरू झालेली ‘वास साबणासारखा येत नाही’ ही तक्रार आली नसती. दातेरी लॅव्हेंडरच्या तेलात कापरासारखा उग्र अंश बराच असतो. पान चुरडले की तोच आधी नाकात भरतो.

मार्च उत्तम गेला. मंजिऱ्या आल्या, मधमाश्या आल्या, सभासदांनी छायाचित्रे काढली आणि समितीचे अभिनंदन झाले.

समस्या

एप्रिलच्या मध्यात हिरवळीला लागून असलेल्या रांगेतील काही झाडांची खालची पाने करडी होऊन मग काळी पडू लागली. दुपारी झाड मान टाकी आणि संध्याकाळी थोडे सावरे. माळीकाकांनी ही गोष्ट देखभाल करणाऱ्या ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाच्या कानावर घातली. पर्यवेक्षकाने ‘उन्हाने होतंय, पाणी वाढवा’ असा निरोप दिला. ‘साहेब, माती ओलीच आहे, मूठ वळतेय तिची,’ असे काकांनी सांगितल्याचे नंतरच्या चर्चेत समजले. समितीपर्यंत ते त्या वेळी पोहोचले नाही, आणि स्प्रिंकलरची वेळ वाढवण्यात आली.

या प्रकरणातील पहिला महत्त्वाचा निर्णय इथे झाला, आणि तो घेणाऱ्यांना आपण काही निर्णय घेत आहोत याची जाणीवही नव्हती. तहानलेले झाड आणि मुळे कुजत चाललेले झाड वरून सारखेच दिसते. दोन्हींत पानांपर्यंत पाणी पोहोचत नसते. एकात ते मातीत नसते, तर दुसऱ्यात ते ओढून घेणारी मुळेच उरलेली नसतात. फरक फक्त मातीत बोट घातल्यावर कळतो. ते बोट काकांनी घातलेले होते.

मे महिन्याच्या कोरड्या उन्हात मरतुक मंदावली आणि सगळ्यांना हायसे वाटले. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाने जोर धरला. जुलैअखेर वाफ्याच्या मधला भाग काळ्या काड्यांचा झाला होता आणि ऑगस्ट संपताना जिवंत झाडे तिसांच्या आत आली होती. प्रस्तुत लेखकाला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले ते ऑगस्टमध्ये.

निदान

अर्धमेले एक झाड मुळांसकट उपटून पाहिले. रोपवाटिकेतून आलेला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा जसाच्या तसा होता, मुळे त्याबाहेर फारशी पसरलेली नव्हती, आणि तो दाबल्यावर पिळलेल्या फडक्यासारखे पाणी गळले. मुळे तपकिरी पडली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढले, तेव्हा वरची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि मागे पांढरट दोरा तेवढा राहिला. खोडाचा मातीलगतचा भाग नखाने खरवडला असता आतून काळसर तपकिरी निघाला. ही मूळकुजीची नेहमीची लक्षणे आहेत. नमुना प्रयोगशाळेत पाठवला नसल्यामुळे कारण फायटोफ्थोरा होते की पिथियम, हे ठामपणे नोंदवता येत नाही. पण या दोन्ही बुरशीसदृश जिवांचे बीजाणू मातीतल्या मोकळ्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात, त्यामुळे उपायाची दिशा दोन्हींत एकच राहते.

रोगापेक्षा जगलेल्या झाडांच्या जागा अधिक बोलक्या होत्या. ती दोन ठिकाणी होती : वाफ्याच्या टोकाला, जिथे बांधकामाच्या वेळचे विटांचे तुकडे आणि खडी मातीखाली राहून गेली होती, आणि प्रवेशद्वाराच्या छज्जाखाली, जिथे पावसाचे पाणी थेट पडत नव्हते. मधल्या सखल भागात एक फूट खोल खड्डा करून दोनदा पाण्याने भरला. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी उभे होते. पुढे शोध घेतल्यावर निचऱ्याच्या तोंडावरची जाळी गाळाने बुजलेली सापडली.

लॅव्हेंडरचे मूळ घर भूमध्य सागराभोवतालच्या खडकाळ उतारांवर आहे. तिथे पाऊस मुख्यतः थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. फ्रान्सच्या ज्या प्रोव्हान्स भागाची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, तिथे वर्षाकाठी साधारण ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो. ठाण्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. नुसत्या आकड्यापेक्षा त्याची वेळ अधिक महत्त्वाची आहे. हे झाड कोरडे ऊन सोसते आणि थंडीतला पाऊसही सोसते. पण ऊब आणि ओल एकाच वेळी आली की त्याची सहनशक्ती संपते. आपल्या पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात. शिवाय हवेतच इतका दमटपणा असतो की दाट झुपक्याच्या आतली लवदार पाने दिवसचे दिवस वाळत नाहीत आणि झाड आतूनही कुजू लागते.

यात भर पडली ती दोन सवयींची. हिरवळ आणि लॅव्हेंडर एकाच व्हॉल्व्हवर होते, त्यामुळे हिरवळीला सकाळ-संध्याकाळ मिळणारे पाणी यांनाही मिळत राहिले. आणि लागवडीच्या वेळी गुलाबाला घालावे तसे भरपूर शेणखत घातले गेले होते, जे हलक्या मातीत वाढणाऱ्या या झाडाला नको असते. त्याने पाला लुसलुशीत झाला, खोड कणखर झाले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

सप्टेंबरमधील बैठकीत पुढील पर्याय मांडले गेले.

सर्वांत सोपा वाटणारा पर्याय म्हणजे मेटॅलॅक्झिलयुक्त बुरशीनाशकाची आळवणी करून, म्हणजे त्याचे द्रावण मुळांशी ओतून, पुन्हा तीच रोपे लावणे. ठेकेदाराचा कल याकडे होता. आळवणीने प्रादुर्भाव काही काळ दबतो. मातीत पाणी साचत राहिले तर तो परत येतो. ज्या वाटेवर लहान मुले दिवसभर खेळतात, तिथे दर पावसाळ्यात आळवणी करत राहणे समितीला मान्य नव्हते आणि ते योग्यच होते.

दुसरा पर्याय गादीवाफ्याचा होता. मातीत निम्म्याच्या आसपास खडी, विटांचा चुरा आणि जाड रेती मिसळून वाफा फूटभर उंच करायचा आणि वरून उतार द्यायचा. लॅव्हेंडरच्या दृष्टीने हा सर्वोत्तम होता. अडचण स्लॅबची होती. पाण्याने भिजलेली माती एका घनमीटरला दीड ते दोन टन भरते आणि खडी मिसळली की वजन कमी होत नाही. सोसायटीच्या संरचना अभियंत्यांनी जादा भराला लेखी संमती देण्यास नकार दिला. त्यामुळे हा विषय तिथेच संपला.

लॅव्हेंडर हे हंगामी फूलझाड समजून दर ऑक्टोबरमध्ये नवी रोपे लावायची आणि मेअखेर काढून टाकायची, असाही विचार झाला. खजिनदारांनी मागचे बिल टेबलावर ठेवले आणि पुढची चर्चा झाली नाही.

उरला तो वाफा दुसऱ्या झाडांना देऊन लॅव्हेंडर फक्त कुंड्यांत ठेवण्याचा पर्याय. सभासदांना फूल जांभळे-निळे हवे होते, पाने सुगंधी असली तर उत्तम, आणि झाड बहुवर्षायू हवे होते. लॅव्हेंडर तुळशीच्या कुळातले आहे, आणि त्या कुळातच शोध घेतला तर यादी बरीच लांब होते. आधुनिक वर्गीकरणात हे कुळ इतके विस्तारले आहे की साग, शिवण आणि निर्गुडीही आता त्यातच गणले जातात.

तुळशीचे नाव आधी निघाले आणि आधी मागे पडले. ज्या वाटेवर लोक चपला घालून आणि कुत्री घेऊन फिरतात, त्या वाटेच्या कडेला तुळस नको, असे ज्येष्ठ सभासदांनी स्पष्ट सांगितले. येऊरच्या उतारांवर दिसणारा फांगळा जोमदार आहे, पण त्याचा दर्प सर्वांना रुचणारा नाही. निळा साल्व्हिया, म्हणजे टेक्सास व मेक्सिकोकडचा ‘साल्व्हिया फॅरिनेशिया’, दुरून बराचसा लॅव्हेंडरसारखाच दिसतो आणि आपल्या हिवाळ्यात उत्तम फुलतो. मुसळधार पावसात मात्र त्याचेही हाल होतात.

भारंगीचे नाव सुचवले ते मुरबाडकडच्या एका आजींनी, आणि ते फूल म्हणून नव्हे. ‘पावसात फुलणारं निळं हवंय ना, मग आमच्या बांधावरची भारंगी लावा की. भाजीही होईल,’ असे त्या म्हणाल्या. बैठकीत थोडे हसू झाले. प्रत्यक्षात ही सूचना सर्वांत नेमकी होती. भारंगी, म्हणजे ‘रोथेका सेराटा’, पूर्वी क्लेरोडेंड्रम या प्रजातीत आणि निर्गुडीच्या जुन्या कुळात धरली जाई. आता ती तुळशीच्या कुळात आहे. सह्याद्रीच्या उतारांवर पहिल्या पावसाबरोबर तिला धुमारे फुटतात, कोवळी पाने रानभाजी म्हणून ठाण्याच्या बाजारात येतात आणि भर पावसात तिला फिकट निळ्या फुलांचे तुरे येतात. फुलाची एक पाकळी गडद जांभळी असते आणि लांब पुंकेसर कमानीसारखे पुढे झुकलेले असतात. उणीव एवढीच की फेब्रुवारीनंतर ती पाने टाकून ओकीबोकी होते.

साल्व्हिया नोव्हेंबर ते एप्रिल आणि भारंगी जून ते ऑक्टोबर, अशी पाळी लावता येईल, हे याच बैठकीत सुचले. दोन्ही झाडे एकटी अपुरी होती.

निर्णय आणि कार्यवाही

भारंगीची रोपे आणायची कुठून, हा प्रश्न वाटला त्याहून नाजूक निघाला. डोंगर समोरच असल्याने तिथूनच मुळे काढून आणू, असे दोघा-तिघांनी सुचवले. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तिथून वनस्पती काढणे हा गुन्हा ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी, खोकला व दम्यावरील औषधासाठी भारंगीची मुळेच खणली जातात आणि त्यामुळे रानातली झाडे आधीच कमी होत आहेत. समितीने हा प्रस्ताव इतिवृत्तात नोंदवून फेटाळला. आजींच्या गावच्या शेतातल्या बांधावरून अर्धपक्व फांद्यांची छाटकलमे आणण्यात आली. ती पिशव्यांत रुजवून काही महिने सावलीत वाढवली आणि पुढच्या जूनमध्ये वाफ्यात लावली.

त्याआधी निचऱ्याचे काम झाले. सर्व जाळ्या उघडून गाळ काढला, वाफ्याला वाटेच्या बाजूला हलका उतार दिला आणि वाफ्याचा व्हॉल्व्ह हिरवळीपासून वेगळा केला. या शेवटच्या कामाला प्लंबरचा एक दिवस लागला, आणि लेखकाच्या मते सगळ्या खर्चात सर्वाधिक वसूल झालेला खर्च तोच. भारंगीचे मूळ वर्षागणिक लाकडी व जाड होत जाते, म्हणून अभियंत्यांच्या सांगण्यावरून गाळणीच्या कापडावर जाड प्लॅस्टिकचा मुळे अडवणारा पडदा घालण्यात आला. हिवाळ्यात पुढच्या रांगेत साल्व्हियाची रोपे लावली.

जगलेली लॅव्हेंडरची झाडे रुंद तोंडाच्या मातीच्या कुंड्यांत हलवली. मुळांभोवतीचे कोकोपीट बोटांनी सोडवून काढले, दोन भाग खडी व रेती आणि एक भाग माती असे मिश्रण भरले, शेणखत घातले नाही. फुले ओसरल्यावर वरचा एक तृतीयांश भाग छाटला. पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कात्री नेली नाही, कारण तिथून लॅव्हेंडर सहसा पुन्हा फुटत नाही.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात भारंगीची बहुतेक रोपे लागली. पहिल्या वर्षी तुरे विरळ होते, दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये वाफा भरून फुलला आणि काळे भुंगे व फुलपाखरे दिवसभर घोंघावू लागली. ठेंगण्या कुंपणाची अपेक्षा मात्र तिने पूर्ण केली नाही. ती सरळ वर जाते, पुरुषभर उंच होते, आणि वाटेवर झुकते. उन्हाळ्यात जमिनीपासून वीतभर ठेवून छाटणी केल्यावर पुढच्या पावसात ती आटोपशीर फुटली. मार्च-एप्रिलमध्ये ‘या वाळक्या काड्या काढत का नाही’ अशी विचारणा दरवर्षी होते. समोर साल्व्हिया फुललेला असल्यामुळे ती विचारणेपुरतीच राहते.

कुंड्यांतील लॅव्हेंडरचा अनुभव संमिश्र आहे. पहिल्या पावसाळ्यात सर्व कुंड्या प्रवेशद्वाराच्या छज्जाखाली आत ओढून ठेवल्या होत्या. मुळे वाचली, पण प्रकाश कमी पडल्याने झाडे लांबट व विरळ झाली. पुढच्या वर्षी त्या पूर्वेकडच्या कडेला, सकाळचे ऊन लागेल पण पाऊस पडणार नाही अशा ठेवल्यावर फरक दिसला. चिरलेल्या पानांची मल्टिफिडा मुळातच अल्पायुषी. ती दुसऱ्या वर्षानंतर उरली नाही. दातेरी पानांची झाडे आज निम्म्याहून अधिक आहेत आणि थंडीत फुलतात.

वेगळे काय करता आले असते

खड्ड्यात पाणी भरून पाहण्याची चाचणी लागवडीपूर्वी अर्ध्या दिवसात झाली असती. ती झाली असती तर बुजलेल्या जाळ्या फेब्रुवारीतच सापडल्या असत्या, आणि लॅव्हेंडर लावायचे ठरलेच असते तरी मरतुक इतकी झाली नसती.

दोनशे रोपे एकदम घेण्याऐवजी वाफ्याच्या तीन वेगवेगळ्या जागी चार-चार रोपे लावून एक पावसाळा जाऊ द्यायला हवा होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकण किनारपट्टीवर जवळजवळ कोणतेही झाड आनंदात असते. त्या काळात घेतलेला अनुभव परीक्षा म्हणून उपयोगाचा नाही. सभासदांना एक वर्ष थांबायला सांगणे समितीला अवघड गेले असते, हे मान्य आहे. निवडणुकीच्या वर्षात तर अधिकच.

माळीकाकांच्या निरोपाचे काय झाले, यावर बैठकीत बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला असे लेखकाचे मत आहे. आता ते समितीच्या बागविषयक सदस्याला थेट फोन करतात आणि पाण्याची वेळ त्यांच्याशी बोलल्याशिवाय बदलली जात नाही. मे महिन्यात जाळ्या साफ करण्याचे कलम देखभालीच्या करारात घातले आहे.

मुळे अडवणाऱ्या पडद्याबाबत मात्र लेखकाला शंका आहे. तो घातल्यामुळे मातीची उपयोगी खोली आणखी कमी झाली, आणि पाच-सात वर्षांनी भारंगीचा बुंधा वाढल्यावर तिथे पाणी अडणार नाही याची खात्री देता येत नाही. दर दुसऱ्या वर्षी एका टोकाची झाडे उकरून पाहावीत, अशी शिफारस केली आहे.

भाजीचा विषय अजून मिटलेला नाही. जूनमध्ये कोवळी पाने खुडली की फुलोरा लांबतो. न खुडल्यास आजी आणि त्यांच्या मैत्रिणी नाराज होतात. सध्या मागच्या रांगेतली पाने खुडावीत, पुढची सोडावीत आणि बुरशीनाशक फवारलेले असेल तर काहीच खुडू नये, असा तोंडी नियम आहे. तो लेखी करावा की नाही, हे येत्या सर्वसाधारण सभेत ठरेल.